धाकट्याची थांबलेली कात्री

दोघा भावांचं शिंपीकामाचं दुकान. माप घेणं, शिवणं थोरल्याकडे. कापड बेतायचं ते धाकट्यानंच. गिऱ्हाइकाला एकदा नीट न्याहाळायचं, खडूच्या चार रेघा ओढायच्या, की कात्री सुरू. कितीही भारी कापड असो, धाकट्यापुढे टाकलं की थोरला निर्धास्त.

एकदा माळ्यावरून तागे काढताना धाकटा शिडीवरून पडला. कपाळाला सात टाके पडले. महिन्याभरात जखम बुजली. बोलणं-चालणं, आठवण, सगळं जिथल्या तिथे. फक्त कापायचं म्हटलं की अडायचं. आधी बाही की पाठ, उभं की आडवं. दोन्ही बाजू वकिलासारख्या मांडत बसायचा आणि कापड तसंच पडून राहायचं. घरीही तीच गत. कोणता सदरा घालू, यातच सकाळ सरायची.

थोरल्यानं पाच महिने कळ काढली. मग एका नवरदेवाचा कोट वेळेत झाला नाही आणि थोरल्याचा तोल सुटला.

"अंगचोर झालायस तू. पुरे झाली नाटकं. उद्यापासून दुकानात पाय ठेवू नकोस."

"दादा, हे मुद्दाम नाही करत," भावजय, धाकट्याची बायको, कळवळून म्हणाली. थोरल्यानं ऐकलं नाही. जाऊ की थांबू, तेही ठरवता न आल्यानं धाकटा दारातच घोटाळला. शेवटी थोरल्यानंच त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

दोन वर्षांनी भावजयीनं धाकट्याला मोठ्या दवाखान्यात नेलं, सोबत म्हणून थोरल्यालाही घेतलं. डॉक्टरीणबाईंनी मेंदूचं चित्र दाखवलं.

"कपाळामागचा हा भाग दुखावलाय. बुद्धी शाबूत आहे. पण हे बरं, ते नको, असं आतून वाटावं लागतं ना, ते यांना वाटत नाही. नुसत्या विचारानं निवड होत नाही."

"म्हणजे त्याच्या हातात नव्हतंच?"

"नाही हो."

हेच दोन वर्षांपूर्वी सांगून बसलेल्या भावजयीनं वर पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी थोरल्यानं भावाला दुकानात आणलं. आता रेघा थोरला ओढतो, वेड्यावाकड्या का होईना; धाकटा त्यांवरून बिनचूक कापतो.

"माझं चुकलं रे," एका दुपारी थोरला कसाबसा म्हणाला. "राग आहे का माझा?"

धाकट्यानं बराच विचार केला. "यायला हवा, एवढं कळतं. पण येत नाही."

त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर थोरल्याला बरं वाटलं असतं.