न्यायमूर्ती आणि म्युनिसिपालिटीचा कंदील

माझं शिक्षण तिसरी. तालुक्याच्या कोर्टात शिपाई म्हणून पस्तीस वर्षं काढली. दोन हजार चार साली मुलाकडे अमेरिकेत फ्रिस्कोला होतो, तेव्हा एका पीएचडीवाल्याला मी हरवलं, ते लिहून ठेवतो.

तिथल्या मराठी मंडळाची मुलांची भाषणस्पर्धा होती. नातीला विषय मिळाला आमच्याच गावचे न्यायमूर्ती. गरिबाघरचा पोरगा, आधी कोर्टात नकला उतरवणारा कारकून, मग वकील, मग इंग्रजांच्या काळात हायकोर्टाचा जज्ज. मंडळाच्या पुस्तिकेत छापलं होतं की ते रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकले. नात तेच घोकत होती. मी म्हटलं, हे वाक्य काढ. ती म्हणाली, "आजोबा, बुकमध्ये आहे ना!" मुलगा म्हणाला, बाबा, असू दे, काय फरक पडतो?

फरक पडतो. गावातला रस्त्यावरचा पहिला कंदील माझ्या आजोबांनी पेटवला. ते म्युनिसिपालिटीचे दिवाबत्तीवाले. तेव्हा न्यायमूर्ती हायकोर्टात खुर्चीवर बसलेले होते. कायदा ते शिकले भर दिवसा, सात वर्षं दुसऱ्यांचे निकाल उतरवून उतरवून. ती दप्तरं मी स्वतः झटकलीत. शेवटच्या ओळीपर्यंत अक्षर थकलेलं नाही. ते कष्ट पुसायचे आणि वर एक दिवा टांगायचा, हे मला चालणार नव्हतं.

पुस्तिका लिहिली होती मंडळाच्या सेक्रेटरींनी. हेच ते पीएचडीवाले. शनिवारी दुपारी मुलाने त्यांना चहाला बोलावलं, म्हणजे मी गप्प बसेन. माझं सगळं ऐकून ते हसले. "काका, आजोबांची गोष्ट ठीक आहे. पण पुरावा?"

"गॅरेजमध्ये या," मी म्हटलं.

सुनेकडून मी रॉकेलचा कंदील आणवून ठेवला होता. तो पेटवून आजोबांच्या खांबाच्या उंचीवर, छताच्या पट्टीला टांगला. शटर पाडलं. खाली सतरंजी घातली, त्यांना बसवलं आणि त्यांच्याच हातात त्यांची पुस्तिका दिली. कंदिलाच्या टाकीची सावली बरोबर त्यांच्या मांडीवर. त्यांनी पुस्तिका वर धरली, तिरकी धरली, चष्मा पुसला. नात विचारत होती, "काका, कोणतं पान?" ते म्हणाले, अंदाजाने वाचतो. मी म्हटलं, अंदाजाने कोणी जज्ज होत नाही.

माणूस सज्जन. म्हणाला, "काका, हरलो."

मी तेवढ्यावर सोडलं नाही. पुस्तिकांचा खोका त्यांच्या गाडीतच होता, तो आणायला लावला. प्रत्येक प्रतीतलं ते वाक्य त्यांनी पेनने खोडलं, वर 'कोर्टात नकला करून कायदा शिकले' असं लिहिलं आणि माझ्या सांगण्यावरून खाली सहीही ठोकली. मुलगा लाजून आत गेला. सुनेने मात्र दोनदा चहा केला.

दुसऱ्या दिवशी हॉलभर इंजिनिअर बसले होते. नातीचं मराठी इंग्रजी वळणाचं, पण सात वर्षांच्या नकला तिने ठणठणीत सांगितल्या. दुसरं बक्षीस मिळालं. पहिलंही मिळालं असतं, पण वेळ संपल्याची घंटा झाली तरी ती बोलतच राहिली. त्या सात वर्षांतलं एकही वर्ष कमी करायला ती तयार नव्हती.