प्राचीन नाही, नवा तांदूळ

"हेअरलूम हा शब्द राहिला तर मी मान्यता देणार नाही," डॉ. मनीवन स्क्रीनवरून म्हणाल्या. शिकागोजवळ शॉमबर्गच्या आमच्या ऑफिसात संध्याकाळ होती, त्यांच्याकडे लाओसमध्ये दुसऱ्या दिवसाची सकाळ. माझी बॉस जेन समोरच्या खुर्चीत बसून हसत राहिली. कुणी नकार दिला की ती आधी हसते, मग तेच पुन्हा विचारते.

आमची संस्था छोटी. लाओसच्या शेतकऱ्यांच्या एका सहकारी गटाचा तांदूळ अमेरिकेत विकायला मदत करते. माझं काम मजकूर लिहिण्याचं: पत्रकं, पोस्टर, पिशवीवरच्या चार ओळी. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकंच लिहीत आलेय, त्यामुळे कुठला शब्द कुणाला गप्प बसवायला वापरतात हे मला लगेच कळतं. 'हेअरलूम', म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं बियाणं, हा तसलाच शब्द.

कारण हे वाण जुनं नव्हतंच. मनीवनबाई भात पैदासकार आहेत, म्हणजे भाताच्या नव्या जाती तयार करणाऱ्या. भाताच्या एकेका फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग त्या फुलावर झटकायचे, वर कागदी पिशवी घालायची. त्यातून दाणे मिळतात ते पेरायचे, चांगली रोपं ठेवायची, बाकीची टाकायची. पुन्हा पेरायचं. असं वर्षानुवर्षं. बाईंनी गावच्या चिकट भाताचा पुरात टिकणाऱ्या जातीशी संकर केला होता. नेहमीचं रोप पाण्याखाली गेलं की वर यायला धडपडतं, त्यातच त्याची शक्ती संपते आणि ते कुजतं. हे रोप पाण्याखाली गप्प राहतं. पाणी ओसरलं की पुन्हा वाढतं.

"पण 'नवीन' म्हटलं की लोकांना लॅब आठवते," जेन म्हणाली. "डोनर्सना 'एन्शंट' फार आवडलंय."

"हा एन्शंट नाही. लॅबमध्ये जीन घालून बनवलेलाही नाही," मनीवनबाई म्हणाल्या. "तांदूळ आहे. आम्ही केलेला."

अडचण अशी की गट या ऑर्डरवर थांबला होता. अमेरिकेत गिऱ्हाईक मिळालं तर पुढच्या हंगामात या वाणाचं बियाणं वाढवायचं, नाहीतर जुनंच पेरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. जुनं म्हणजे नदी चढली की कुजणारं. आणि पिशवीवरचा मजकूर बाईंनी मान्य केल्याशिवाय माल निघणार नव्हता, तसा करारच होता.

गिऱ्हाईक होते सप्रे काका. नेपरव्हिलला राहतात, त्यांची या भागात इंडियन ग्रोसरीची चार दुकानं आहेत. मी सॅम्पल दिलं होतं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: रात्रभर भिजवा, वाफवा, पाण्यात शिजवू नका. दोन दिवसांनी काकांचा फोन.

"केतकी, तुझ्या तांदळाची खळ झालीय. पतंगाचा मांजा कर, पुस्तकं चिकटव, पण मला खायला सांगू नकोस."

"काका, कशात शिजवला?"

"कशात म्हणजे? कुकरमध्ये. तीन शिट्ट्या."

"सूचना वाचल्या का?"

मागून काकूंचा आवाज आला, "भात कसा लावायचा हे आता पाकिटावर वाचायचं का मी?"

संताप आला. इथल्या आपल्या लोकांचं हे एक आहेच. ओव्हन घेतला तर मॅन्युअल तीनदा वाचतील, यूट्यूबही बघतील. भाताच्या बाबतीत मात्र जगातला कुठलाही तांदूळ आणा, दुप्पट पाणी आणि तीन शिट्ट्या. मग दोष तांदळाचा.

शनिवारी सकाळी मी भिजवलेला तांदूळ डब्यात घेऊन थेट त्यांच्या घरी धडकले. लाओसमध्ये हा बांबूच्या टोपलीत वाफवतात. टोपली माझ्याकडे नव्हती. "काकू, मोदकपात्र आहे ना?"

"हो, आहे की."

"काढा."

ओलं फडकं घालून त्यावर तांदूळ पसरला. काकू हाताची घडी घालून बघत होत्या. तोवर मी काकांना जेनच्या 'प्राचीन'चं भांडण सांगितलं. अर्ध्या तासानं झाकण काढलं. दाणे चमकत होते, एकमेकांना धरून होते, पण लगदा नव्हता. तिकडे याची बोटांनी गोळी करतात, मिरचीच्या चटणीत बुडवून खातात. काकूंनी ठेचा काढला.

काकांनी एक गोळी खाल्ली. दुसरी घेतली. तिसऱ्या वेळी ताटच पुढे ओढलं.

"अहो, तुमचे मित्र काय म्हणतील आता?" काकू म्हणाल्या. "परवा सगळ्या वॉकिंग ग्रुपला सांगून आलात ना, खळ झाली म्हणून?"

"ती तू केली होतीस. मी फक्त बातमी दिली." मग माझ्याकडे वळून, "छान आहे गं. अगदी आपल्या इंद्रायणीसारखा. टाक की मग 'प्राचीन' पिशवीवर. तुझी ती जेन बरोबर सांगतेय. इंद्रायणीसुद्धा लोक परंपरेचा म्हणूनच नेतात."

"काका, इंद्रायणीपण संकर आहे. मावळातल्या संशोधन केंद्रात केलेला. आंबेमोहर आणि फिलिपिन्समधली एक बुटकी जात."

"वाट्टेल ते बोलू नकोस! इंद्रायणी फिलिपिनो?"

"अर्धा."

"अहो, बरोबर आहे तिचं," काकू म्हणाल्या. "आपल्या लग्नात आंबेमोहराचा भात होता. तुमच्या आई त्यावरून आठवडाभर बोलत होत्या. इंद्रायणी नंतर आला. मला आठवतंय, पहिल्यांदा आणला तेव्हा तुम्हीच म्हणालात, हा कुठला नवा?"

काकांनी ताटातली एक गोळी उचलून उजेडात धरली.

"म्हणजे तो कुणीतरी बसून केला," ते शेवटी म्हणाले. "कुणी?"

"माहीत नाही. पिशवीवर लिहिलेलं नसतं."

"तीस वर्षं विकतोय यार मी," ते म्हणाले आणि उरलेली गोळी तशीच हातात धरून बसले.

सोमवारी त्यांनी जेनला कळवलं: पिशवी माझी, दुकान माझं, 'हेअरलूम' नको, करणाऱ्या बाईंचं नाव हवं. जेन हसली. मग म्हणाली, "निदान 'एन्शंट-इन्स्पायर्ड' चालेल का?" मी म्हटलं, नाही. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. असं बुधवारपर्यंत चाललं.

वाटलं, सुटले. मजकूर लाओसला पाठवला. मी लिहिलं होतं, 'पुराला हरवणारा तांदूळ.' मनीवनबाईंचं उत्तर आलं: "हरवत नाही. वाट बघतो. आणि फार दिवस पाणी राहिलं तर हाही मरतो." बरं. 'लढवय्या' काढलं. 'क्रांती' काढली. माझी विशेषणं एकेक करून गेली. शेवटी त्या म्हणाल्या, नाव एकटीचं नको, शेतावर निवड करणाऱ्या गटाचंही हवं. म्हणजे पुन्हा डिझाइन, पुन्हा प्रूफ. डिझायनरनं फोन उचलणं बंद केलं. चांगल्या बाजूनं असणारी माणसंसुद्धा किती छळतात!

पिशवी आली तेव्हा तिच्यावर साधं होतं: पुराच्या भागासाठी तयार केलेलं चिकट भाताचं नवं वाण, खाली नावं, मागे मोदकपात्राचं चित्र. काकांनी मागवायचं ठरवलं होतं त्याच्या निम्माच माल मागवला. 'नवं' किती खपेल याची त्यांना खात्री नव्हती. गटानंही मग निम्म्याच शेतात बियाणं धरलं. बाकीच्या शेतांत जुनं पेरलं. त्या साली नदी चढली की नाही, हे विचारायचं धाडस मी बरेच दिवस केलं नाही. विचारलं तेव्हा मनीवनबाईंनी एकच वाक्य लिहिलं: "चढली, पुढच्या वर्षी सगळेच नवं बियाणं मागताहेत."

जेननं वार्षिक न्यूजलेटरात लिहिलं की आमच्या संस्थेनं लाओसचा एक विस्मृतीत गेलेला तांदूळ पुन्हा शोधून काढला. मी सगळ्यांना रिप्लाय-ऑल करून दुरुस्ती पाठवली.

माझा धडा छोटाच आहे. अन्नाच्या पिशवीवर कुणी 'प्राचीन' लिहायला निघालं, की आधी विचारायचं, हे केलं कुणी? उत्तर मिळेपर्यंत छपाई थांबवायची. लोक वैतागतात. वैतागू द्यायचं.