गायरानातले लाल दगड

ती घटना आजही आठवली की माझा हात आपोआप कपाळाकडे जातो. कारण हेच कपाळ मी एका जिवंत बॉम्बपासून हातभर अंतरावर, तेही भक्तिभावाने टेकवलं होतं. घरी पाहुणे आले की बायको हा किस्सा मुद्दाम काढायला लावते. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावा.

तेव्हा मी हरसूलच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी गायरानाला लागून शेत असलेल्या शेतकऱ्याचा फोन आला. गावातला एक निवृत्त फौजी गायरानात दगडांना लाल रंग फासून देव मांडतोय, जागा बळकावायचा डाव आहे. ही युक्ती आम्हाला नवी नव्हती. आधी दगड, मग ओटा, मग पत्र्याची शेड आणि पुढे कोर्टात तारखा. स्टेशन डायरीत नोंद केली, हवालदाराला घेतलं आणि निघालो.

गवतात चार दगड होते, लालभडक. गावकऱ्यांनी तोवर फुलंही वाहिली होती. पंचनाम्याआधी मी बूट काढले, पुढे गेलो आणि गुडघे टेकून नमस्कार केला. अतिक्रमण असलं तरी देव तो देव, आणि माझं प्रमोशन तेव्हा अडकलेलं होतं. हवालदार, पंच, बघे, सगळे माझ्यामागून पाया पडले. फक्त तक्रारदार लांब बांधावर उभा राहिला.

"या की पुढं," मी म्हणालो.

"नको साहेब. हितनं दिसतंय."

माणूस नास्तिक असावा, असा निष्कर्ष मी काढला. याला म्हणतात नोकरीचा अनुभव.

फौजीला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा, सडपातळ, खुर्ची देऊनही ताठ उभा.

"देव कधीपासून मांडायला लागलास?"

"साहेब, ते देव नाहीत. खुणा आहेत."

"कसल्या? प्लॉटच्या?"

सगळं ठाणं हसलं. प्रभारी अधिकाऱ्याच्या विनोदाला हसावंच लागतं. तो मात्र हसला नाही.

"बॉम्बच्या. रानडुकरं मारायला पिठाच्या गोळ्यात स्फोटाची दारू भरून गवतात टाकतात, ते. मागच्या महिन्यात तिथे एका मावशीच्या गायीचा जबडा उडाला. सैन्यातून सुटल्यावर मी परदेशात सुरुंग काढायच्या कामावर होतो, लढाई संपलेल्या मुलखात. तिकडं लाल दगड म्हणजे धोका, पांढरा म्हणजे वाट मोकळी. लाल दिसला की माणूस लांब राहतो."

"अरे, पण तिकडं म्हसोबा नाही!"

"ते माझ्या ध्यानात आलं नाही, साहेब." त्याने मान खाली घातली. "गावात सांगितलं, तर म्हणाले, फौजीच्या डोक्यात अजून लढाई चालू हाय."

चौकशीत कथा पुष्कळ ऐकायला मिळतात. मी शेवटचा बाण सोडला. "मग पोलिसांना का नाही कळवलंस?"

"आठ दिवस झाले, अर्ज दिलाय. इथंच."

हवालदाराने आवक रजिस्टर चाळलं. नोंद होती. अर्ज सापडला माझ्याच टेबलावरच्या ट्रेमध्ये, तळाला. सुवाच्य अक्षर, सोबत हाताने काढलेला नकाशा, त्यावर चार लाल ठिपके. त्यातल्याच एका ठिपक्यापाशी सकाळी मी कपाळ टेकवलं होतं.

"साहेब, आज मंगळवार," फौजी म्हणाला. "बायका दुपारी तिथं नारळ फोडणार आहेत."

जीप कशी हाकली ते चालकालाच ठाऊक. पोचलो तेव्हा पाच-सहा बायका दगडांपाशी होत्या, आणि गाय गमावलेली मावशीच नारळ उगारून पुढे. मी कर्ण्यावरून ओरडलो, "पोलीस! मागे व्हा!" झालं, सगळ्या घाबरून भलतीकडेच पांगायला लागल्या. फौजीने माझा कर्णा खाली केला. "पळवू नका त्यांना, साहेब." मग त्याने साध्या आवाजात हाक दिली, "मावशी, आहे तिथंच थांबा सगळ्या. पाय उचलू नका. मी येतो."

गवतात छोट्या पांढऱ्या दगडांची ओळ होती. सकाळी ती मला दिसलीच नव्हती. त्या ओळीने तो आत गेला आणि एकेकीला हाताला धरून, आपल्या पावलावर पाऊल ठेवायला लावून बाहेर घेऊन आला.

मावशी शेवटची. "नव्या गाईसाठी नवस बोलले व्हते रं देवाला. आता या नारळाचं काय करू?"

"घरी न्या. चटणी वाटा."

बॉम्बशोधक पथकाने चार गोळे निकामी केले. तेव्हा कुठे मला बांधावरचा नास्तिक आठवला. सगळं गाव पुढे सरकत असताना एकच माणूस पाऊल उचलत नसेल, तर पुढे काय आहे ते त्यालाच माहीत असतं. त्याला आणलं. दुसऱ्याच प्रश्नाला तो रडायला लागला.

"डुकरं शेतात नागलीचं कणीस ठेवत नाय साहेब. पोरांना काय घालू? सहा लावले व्हते. फौजी शोधत शोधत माझ्यापर्यंत येईल, म्हणून त्यालाच अडकवायला फोन केला."

एक गायीने फोडला, चार निघाले. "सहावा कुठाय?"

"आठवत नाय. लय गवत व्हतं."

तासभर मी विचारत राहिलो. माझा आवाज चढत गेला तशी त्याची आठवण उतरत गेली. शेवटी फौजी दारातून म्हणाला, "साहेब, मी विचारू? आधी एक चहा सांगा याला." मी डोळे वटारले. "तिकडं आम्ही सुरुंग पेरणाऱ्यांनाच शोधून चहा पाजायचो, साहेब. जागा त्यांनाच ठाऊक असते."

चहा झाल्यावर तो शेतकऱ्याशेजारी बाकावर बसला. "दादा, त्या दिवशी ऊन कुठल्या गालावर होतं? डुकरांची वाट कुणीकडं गेली होती? बिडी कुठं ओढलीस?"

शेतकऱ्याने डोळे मिटले. "बिडी... मोहाच्या झाडाखाली. तिथनं खाली उतरलो, वढ्याकडं..."

सहावा गोळा दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उतारावर मिळाला, ओढ्यावर पाण्याला जायच्या पायवाटेला लागून, पाचोळ्यात.

शेतकऱ्यावर गुन्हा दाखल झाला, तो व्हायलाच हवा होता. पण नोकरीभर माझा पहिला प्रश्न 'कोणी केलं?' हाच असायचा. फौजीचा पहिला प्रश्न होता 'कुठे आहे?' गुन्हेगार चार दिवस उशिरा सापडला तरी चालतो, बॉम्बचं तसं नसतं. पुढे ट्रेमधले अर्ज मी रोज सकाळी स्वतः वाचायला लागलो आणि संशयित समोर बसला की आधी चहा सांगायला लागलो. सहकारी म्हणायचे, साहेब मऊ पडले. पडलो असेन. मावशी अजून त्याच पायवाटेने पाण्याला जाते, स्वतःच्या दोन्ही पायांवर.