माझ्या घरचे सरगुंडे

डॉक्टरीणबाईंनी माझी झोपेची गोळी बंद केली तेव्हा मला त्यांचा भारी राग आला. लाखांदूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या उपकेंद्रात ही नवी मुलगी आलेली. मी शिकवलेल्या मुलींच्या मुली असतील तिच्या वयाच्या. तिनं बीपी बघितलं, छातीला नळी लावली आणि विचारलं, "आजी, काल कुणाशी बोललात?"

मी आठवू लागले. दूधवाला येतो, पण तो पिशवी कडीला अडकवून जातो.

"टीव्हीशी," मी म्हटलं.

ती हसली नाही. "गोळीऐवजी रोज दुपारी चार बायांत जाऊन बसायचं," ती म्हणाली. "हाताला काहीतरी काम ठेवायचं. आणि महिन्यानं मला सांगायला यायचं."

सारा जन्म मी गावच्या शाळेत पोरांना गप्प बसवलं. आता ही मलाच बोलायला जा म्हणून सांगत होती! घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तिला बरंच सुनावलं. पण खरं सांगायचं तर माझी दुपार मला खायला उठायची. हे गेल्यापासून घरात मी एकटीच. मुलगा पुण्याला, सून नोकरीला, नातू फोनवर "हाय आजी" म्हणून पळतो. रविवारी विहारात जाते, पण वंदना आटोपली की जो तो आपल्या घरी.

उन्हाळा लागला होता. आमच्याकडे या दिवसांत बाया मिळून सरगुंडे करतात. भिजवलेल्या कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची आणि खाटेवरच्या धोतरावर वाळत टाकायची. आज तिच्या अंगणात, उद्या हिच्या. बोलावणं लागत नाही. नुसती आपली काडी घेऊन जायचं, आणि आपला नंबर आला की त्या आपल्याकडे येतात. म्हणूनच हे गेल्यावर मी जाणं सोडलं होतं. एकट्या बाईला किती सरगुंडे लागणार? आपल्या घरी काम नसताना दुसऱ्याच्या अंगणात कोणत्या तोंडानं बसायचं? डॉक्टरीणबाई शहरातल्या, त्यांना हे काय माहीत!

तरी गेले. शेजारच्या मावशीकडे पहिली बैठक होती. मावशी माझ्याहून मोठी. तीही एकटीच राहते, तिचा मुलगा सुरतेला असतो.

"बाईचे सरगुंडे पाहा वो," ती सगळ्यांना दाखवत म्हणाली, "पट्टीनं रेघा मारल्यावानी!"

बाया खदखदून हसल्या आणि मीही हसले. इतक्या दिवसांनी स्वतःचं हसणं ऐकून मलाच कसंतरी झालं. मग रोज जाऊ लागले. गोळीवाचून डोळा लागू लागला, पण ते त्या मुलीजवळ कबूल करणं माझ्या जिवावर आलं होतं.

हळूहळू सगळ्यांची घरं आटोपली. "उद्या कोनाचा नंबर?" कुणीतरी विचारलं.

"बाईचंच घर राहिलं. पन बाईले कायले लागतेत सरगुंडे? एकलं मानूस."

ती चांगल्या मनानंच बोलली होती. उद्यापासून पुन्हा तीच दुपार आणि तोच टीव्ही.

"लागतात ना," मी म्हटलं. "पोरगा येऊन राहिला येत्या मे महिन्यात, सगळ्यायले घेऊन. आंब्याच्या रसासोबत त्याले सरगुंडेच लागतात."

धडधडीत खोटं. त्यानं तर यंदा जमणार नाही म्हणून फोनवर आधीच सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मोठी परात काढली. कणीक भिजवली ती भरल्या घराला पुरेल एवढी. बाया आल्या. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. चहा होत राहिला, कुणाच्या तरी सासूची नक्कल झाली. उन्हं उतरली तशा सगळ्या उठल्या आणि काड्या पदराला पुसत निघून गेल्या. खाटांवर सरगुंडे आणि अंगणात मी. आधी घर नुसतं रिकामं होतं, त्या संध्याकाळी ते रिकामं झालं. त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

सरगुंडे वाळले, पण भरायला एवढा मोठा डबा माझ्याकडे नव्हता. म्हणून मावशीकडे मागायला गेले.

"आतल्या खोलीत हायेत, घ्या एखादा," ती म्हणाली.

पहिला डबा उघडला तर भरलेला. यंदाचेच असतील म्हणून झाकण लावलं. दुसरा उघडला. त्यातही सरगुंडे, पिवळे पडलेले, पोरकिड्याचा वास येणारे. तिसराही तसाच.

मावशी माझ्या मागे येऊन उभी होती. तिनं तो तिसरा डबा उचलला आणि सुपात पालथा केला. "जुने कोंबड्यायले टाकाचे," ती म्हणाली. "पोरगा दरसाली म्हनते, येतो, नेतो."

"मंग इतले करता काहून, मावशी?"

ती पदरानं डबा आतून पुसत राहिली. "नाई केले तं बाया बसाले येतीन कायले?"

तिनं डबा माझ्या हातात दिला.

"तुमचा पोरगा बी असाच येऊन राहिला ना, बाई?"

"हो," मी म्हटलं. "असाच."