आनंदाची बाजू

कुशीनगरच्या विहारात एका बाईने बुद्धांच्या पहुडलेल्या निर्वाणमूर्तीच्या पायांवर चीवराचे वस्त्र ओढून घातले, झोपलेल्या माणसाला पांघरूण घालावे तसे. आमच्या वस्तीच्या यात्रेचे प्रमुख तेव्हा सांगत होते, "तथागतांच्या अखेरच्या वेळी त्यांचा शिष्य आनंद दाराला टेकून रडला. साधना कच्ची, दुसरे काय!"

"आयुष्यभर सेवा केली त्याने," मी सर्वांदेखत सुनावले. "रडला नसता, तर मी त्याला कच्चा म्हटले असते!"

"काका," प्रमुख म्हणाले, "काकू गेल्या तेव्हा तुम्ही किती खंबीर होतात!"

हेही खोटे. लोक कोरडेपणालाच धैर्य समजतात. मी खंबीर नव्हतो. बायको गेली तेव्हा मला रडूच आले नाही. तिला यायचे होते, तिथे आज मी एकटा उभा आहे आणि डोळे अजूनही कोरडेच आहेत.