जागेश्वरचा आखडलेला पाय

पवनीच्या जागेश्वरला एका जागी स्वस्थ बसवणं म्हणजे त्याला शिक्षाच. सगळा जन्म मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणण्यात गेलेला. जेवायला बसला तरी मागाच्या पावड्या दाबत असल्यासारखे त्याचे पाय हलायचे. असा माणूस आता दिवसभर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उजवा पाय समोर सरळ करून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर डाफरायचा.

आसगावहून येताना त्याची दुचाकी घसरली होती. गुडघ्याखालचं हाड फुटलं आणि आतलं लिगामेंटही तुटलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी आधी हाड प्लेट लावून जोडलं आणि ते जुळल्यावर मांडीतल्याच स्नायूच्या दोरीचं नवं लिगामेंट बसवलं. घरी पाठवताना बजावलं, "चालताना पट्टा लावा, पण गुडघा रोज वाकवा. हाडही मोडलंय, म्हणून तो लवकर आखडेल."

जागेश्वरने यातला पट्टा तेवढा ऐकला. बाकी अक्कल त्याने मागावरची वापरली. सांधलेल्या धाग्याला कोणी चाळवतं का? तो ताणून ठेवायचा, ढिला पडला की कापड बिघडलंच. म्हणून पट्टा झोपेतही आवळलेला. व्यायाम शिकवायला दवाखान्यातून टीना नावाची पोरगी आली, तिला त्याने दारातूनच वाटेला लावलं.

"पाय कसा कडक झाला, पाह्य," तो बायकोला, कौशल्याला, कौतुकाने दाखवायचा. ती सुताच्या कांड्या भरता भरता मान हलवायची. अर्धवट विणलेलं लुगडं मागावर झाकून ठेवलेलं होतं. त्याच्याकडे नजर गेली की जागेश्वरचा जीव थाऱ्यावर राहत नसे. पुन्हा खड्ड्यात बसता येईल ना, एवढी एकच धास्ती त्याला होती, आणि त्या धास्तीपायीच तो पाय जपत होता.

शेवटी एका सकाळी राहवेना. पट्टा सोडून तो मागाशी जाऊन बसला आणि पाय आत सोडायला गेला. डावा उतरला. उजव्याची टाच खड्ड्याच्या समोरच्या भिंतीला लागली आणि तिथेच अडली. गुडघा वाकेचना.

डॉक्टरांनी तपासलं. "लिगामेंट मजबूत आहे, हाडही जुळलंय. तुम्ही गुडघाच बांधून ठेवलात. आता नेटाने व्यायाम करा. नाहीच वाकला तर भूल देऊन मोकळा करावा लागेल. पहिल्यासारखा होईलच, असं मी सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी कौशल्याने टीनाला स्वतः बोलावून आणलं आणि पाय कुठे धरायचा, किती दाबायचा, ते नीट शिकून घेतलं. टीना गेल्यावर नवऱ्याला तिने मागाच्या कडेवर बसवलं.

"तुटन ना वं," तो म्हणाला. त्याला खरोखर रडू येत होतं.

"डाक्टर म्हनते नाही तुटत. अना तुमी असेच खुर्चीवर बसून राहिले त मीच तुटन."

तिने एक हात मांडीवर ठेवला, दुसऱ्याने घोटा धरला आणि हळूहळू मागे दाबत नेला. जागेश्वरने खड्ड्याची कड गच्च पकडली. कपाळावर घाम आला. टाच भिंतीवरून सुटली, पावडीला टेकली, पावडी जराशी खाली गेली. ताण्याच्या उभ्या धाग्यांत फट पडली, पण बोटभरच. तीतून आडवा धागा नेणारा धोटा गेला नसता.

कौशल्याने हात सैल केला. "बस करू का आता?"

जागेश्वर त्या फटीकडे बघत होता.

"नोको सोडू," तो म्हणाला. "दाब."