जळकोटच्या स्टँडवर न उतरलेली माणसं

लातूर-जळकोट एसटीची कंडक्टर लुंबिनी आठव्या महिन्यातही रजेचं नाव काढत नव्हती. आत्ता घेतली तर बाळंतपणानंतर पुरणार नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. पाय चपलेत मावेनात, तरी "मला काय धाड भरलीय?" म्हणून फणकारायची. कालच भाजीवाल्या पारूबाईनं "बस गं माय, दमलीस," म्हटलं, तर तिनं त्या म्हातारीला चारचौघांत झापलं होतं.

आज शेवटच्या फाट्यावर बाजारकरी चढले. त्यांची तिकिटं फाडायच्या आधी लुंबिनी जरा टेकली अन् तिचा डोळाच लागला.

जाग आली तेव्हा गाडी जळकोटच्या स्टँडवर उभी होती. फाट्यावरचे सगळे मात्र जागच्या जागी चिडीचूप बसलेले. बिनतिकिटाचं उतरलं अन् तपासनीस आला, तर हिच्या नोकरीवर येईल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यात पारूबाईही होती.

लुंबिनीला मान वर करवेना. "उठवायचं न्हाई का, मावशी?"

"उठवलं असतं तर परत उभी राहिली असतीस की."

लुंबिनी उभी राहिली नाही. माणसंच एकेक करून तिच्यापुढं आली. खाली मान घालून ती प्रत्येकाला तिकीट देत राहिली, अन् पारूबाईला म्हणाली, "उद्यापासून न्हाई येत, मावशी."